बोर्डाची शाळा

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या प्राथमिक शाळेला माझे आजोबा अखेरपर्यंत ‘बोर्डाची शाळा’ म्हणत असत. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, शाळेवरची पाटी बदलली, मास्तरांचे पगार परिषदेकडून होऊ लागले, तरी आजोबांच्या बोलण्यातले बोर्ड काही गेले नाही. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या हाती आल्या आणि १९४७ च्या कायद्यानंतर जिल्हा स्कूल बोर्ड त्यांचा कारभार पाहू लागले. माझ्या वडिलांची पहिली-दुसरी त्या काळातली. फळा म्हणजे बोर्ड आणि ज्या शाळेत फळा आहे ती बोर्डाची शाळा, अशी माझी लहानपणी समजूत होती. आजोबा मात्र तो शब्द उच्चारताना शाळेची मालकी सांगत असत. शाळा कोणा संस्थाचालकाची नाही, मिशनची नाही, आपणच निवडून दिलेल्या माणसांच्या हातातली आहे, असा त्याचा अर्थ होता.

तो शब्द मला पुन्हा भेटला तो न्यू जर्सीत राहायला आल्यावर. इथे ज्याला स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणतात तो आपल्या अर्थाने जिल्हा नसतो. बहुतेक वेळा एका गावाच्या किंवा दोन शेजारगावांच्या शाळा मिळून एक डिस्ट्रिक्ट होतो. सातारा जिल्ह्याच्या साधारण दुपटीएवढ्या या राज्यात ५६४ नगरपालिका आणि सहाशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत. बहुतेक डिस्ट्रिक्टवर लोकांनी निवडलेले, सहसा नऊ सदस्यांचे बोर्ड असते. सदस्याची मुदत तीन वर्षांची, दरवर्षी साधारण एकतृतीयांश जागांची निवडणूक, आणि पगार शून्य. सुपरिंटेंडंटची, म्हणजे डिस्ट्रिक्टमधल्या सगळ्या शाळांच्या प्रमुख अधिकाऱ्याची, नेमणूक करणे, बजेट मंजूर करणे, धोरणे ठरवणे, शिक्षक संघटनेशी करार करणे आणि कोणत्या रस्त्यावरचे मूल कोणत्या शाळेत जाईल याच्या सीमारेषा आखणे ही त्यांची कामे.

उमेदवारी अर्ज भरणे अवघड नाही. अमेरिकेचे नागरिकत्व, डिस्ट्रिक्टमध्ये किमान एक वर्षाचे वास्तव्य, मतदार म्हणून नोंद, लिहिता-वाचता येणे, आणि अर्जावर काही मतदारांच्या सह्या. जुलैच्या शेवटच्या सोमवारी दुपारी चारपर्यंत अर्ज काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कार्यालयात पोहोचला की नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर नाव येते. या निवडणुकीत पक्षाचे नाव लावता येत नाही. फार तर तीन शब्दांचे एक ब्रीद नावासोबत छापता येते. ‘मुले सर्वांत आधी’ हे त्यातले नेहमीचे. तीन शब्दांत माणूस आणखी काय सांगणार? पण मतदारांपैकी पुष्कळजण तेवढेच वाचतात, आणि पहिल्यांदा मत दिले तेव्हा मी तेवढेही वाचले नव्हते.

नागरिकत्व मिळाल्यानंतरच्या त्या पहिल्या नोव्हेंबरमध्ये, मतपत्रिकेच्या अगदी तळाशी आलेल्या स्कूल बोर्डाच्या यादीत मला दोन भारतीय आडनावे दिसली आणि मी त्यांच्यापुढे खूण केली. तिसरे मत मी दिलेच नाही. आपले कोणीतरी तिथे बसावे ही इच्छा वाईट नव्हती आणि आजही मला ती वाईट वाटत नाही. दिवाळीला शाळेची सुट्टी मिळावी म्हणून इथल्या पालकांनी अनेक गावांत वर्षानुवर्षे बोर्डाच्या बैठकांना जाऊन मागणी केली आहे, आणि ती सुट्टी आपोआप पदरात पडलेली नाही. पण त्या दोघांना शाळांबद्दल काय वाटते, ते कशाला आधी आणि कशाला नंतर म्हणतात, हे मला ठाऊक नव्हते. मुंबईत नगरसेवक निवडताना मी जेवढी चौकशी केली असती तेवढीही इथे केली नाही, आणि हे मत माझ्या मुलीच्या रोजच्या दिवसावर परिणाम करणारे होते.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मात्र मी ठरवून उमेदवारांच्या सभेला गेले. शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये, लांब टेबले भिंतीला लावून खुर्च्या मांडलेल्या होत्या. तीन जागांसाठी सात उमेदवार होते. प्रश्न छोट्या कार्डांवर लिहून द्यायचे, संचालन करणाऱ्या बाईंनी ते वाचायचे, आणि प्रत्येकाला उत्तरासाठी दीड मिनिट. घड्याळ धरून बसलेली एक स्वयंसेविका वेळ संपत आली की पिवळा कागद वर करीत असे. हॉलमध्ये आम्ही मोजून पन्नास-साठ जण असू, आणि त्यातले निम्मे उमेदवारांच्या घरचे.

सातही जणांनी आपापले अग्रक्रम सांगितले. वर्गातली मुलांची संख्या कमी करायची. समुपदेशक वाढवायचे, कारण कोविडनंतर मुलांची मने थकलेली आहेत. गणितात पुढे असलेल्या मुलांना सहावीतच वेगळा वर्ग द्यायचा. बालवाडीचा विस्तार करायचा. जुन्या इमारतींची छते बदलायची. ग्रंथालयातली पुस्तके कोणी निवडायची हे पालकांना विचारायचे. आणि कर वाढू द्यायचा नाही. शेवटची मागणी ज्यांनी मांडली त्यांनीच छते बदलण्याचीही मागणी मांडली. मी वहीत लिहून घेत होते. घरी येऊन यादी पाहिली तेव्हा लक्षात आले की यातल्या एकाही गोष्टीला मी ‘नको’ म्हणणार नाही, आणि म्हणूनच या यादीवरून मला कोणालाही निवडता येणार नाही.

अग्रक्रम या शब्दात क्रम आहे. कोणी पुढे यायचे तर कोणीतरी मागे जायला हवे. न्यू जर्सीत हे नुसते शब्दार्थाने खरे नाही. ते कायद्याने खरे आहे. इथे शाळांचा मोठा खर्च घरपट्टीतून, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्समधून भागतो. या राज्याची घरपट्टी अमेरिकेत सर्वांत जास्त मानली जाते. २०२४ मध्ये एका घराची सरासरी वार्षिक पट्टी दहा हजार डॉलरच्या वर गेली, आणि राज्यभराचा हिशेब धरला तर तिच्यातला निम्म्याहून अधिक पैसा शाळांना जातो. लोकांचा संताप वाढत गेल्यावर २०१० मध्ये कायदा झाला की काही ठरावीक अपवाद सोडता स्थानिक कराची वसुली वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढवता येणार नाही.

हे २ टक्के प्रत्यक्षात किती असतात याचे एक साधे गणित मी त्या रात्री मांडून पाहिले. समजा एखाद्या डिस्ट्रिक्टची कराची वसुली १० कोटी डॉलर आहे. तिला पुढच्या वर्षी २० लाख डॉलर अधिक घेता येतील. त्या डिस्ट्रिक्टमध्ये पगारांवर ७ कोटी खर्च होत असतील आणि शिक्षकांशी झालेल्या करारानुसार पगार ३ टक्क्यांनी वाढणार असतील, तर २१ लाख तिथेच गेले. राज्याचे अनुदान वाढले नाही तर विमा, बस, वीज, विशेष गरजा असलेल्या मुलांची थेरपी, या सगळ्यांची वाढ कुठून तरी कापूनच आणावी लागते. करातील अपवादांमुळे थोडी हालचाल करता येते, पण थोडीच. राज्याच्या अनुदानाचे सूत्रही २०१८ मध्ये बदलले आणि पुढच्या सात वर्षांत अनेक डिस्ट्रिक्टचे अनुदान टप्प्याटप्प्याने घटत गेले, तर अनेकांचे वाढले. कोविडच्या काळात केंद्राकडून आलेला पैसा सप्टेंबर २०२४ पर्यंत खर्चाला बांधून टाकायचा होता. त्यातून नेमलेल्या समुपदेशकांचा पगार पुढे कोण देणार, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक बजेटात येतो.

आणखी एक बदल मला उशिरा समजला, आणि माझ्या मते तो या निवडणुकीचे सगळे वजनच बदलतो. पूर्वी शाळांची निवडणूक एप्रिलमध्ये होत असे आणि त्याच दिवशी मतदार शाळांच्या बजेटवरही मत देत असत. एप्रिल २०१० मध्ये राज्यातल्या निम्म्याहून अधिक डिस्ट्रिक्टची बजेटे मतदारांनी फेटाळली. २०१२ च्या सुरुवातीला कायदा बदलला. निवडणूक नोव्हेंबरला नेण्याची मुभा मिळाली आणि जे डिस्ट्रिक्ट ती नेतील आणि बजेट २ टक्क्यांच्या आत ठेवतील त्यांना बजेटवर मत घेण्याची गरज उरली नाही. बहुसंख्य डिस्ट्रिक्टनी ते केले. म्हणजे पूर्वी आम्ही पैशाच्या हिशेबाला थेट हो किंवा नाही म्हणू शकत होतो. आता फक्त माणसे निवडतो आणि हिशेब ती माणसे ठरवतात. तरीही नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष, गव्हर्नर, महापौर अशा नावांच्या खाली स्कूल बोर्ड येते आणि कितीतरी मतदार तिथपर्यंत पोहोचतच नाहीत.

या बाबतीत आपल्या लोकांविषयी मला थोडे मोकळेपणाने लिहायचे आहे. आपण इथे घर घेतो ते शाळांचे क्रमांक पाहून. मुलांच्या अभ्यासावर आपला विश्वास आहे, कारण आपल्यातल्या बहुतेकांना अभ्यासानेच इथवर आणले. त्यामुळे आपल्या उमेदवारांचे, आणि आपण उमेदवारांना विचारतो त्या प्रश्नांचे, केंद्र बहुधा एकच असते: गणिताचा वेगवान वर्ग, अधिक एपी (हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे) विषय, वरचा क्रमांक. २०१५ च्या शरद ऋतूत शेजारच्या वेस्ट विंडसर–प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टचे सुपरिंटेंडंट डेव्हिड अॅडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानांचे पत्र लिहिले. आपल्या शाळांतली मुले असह्य ताणाखाली आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्या डिस्ट्रिक्टने हायस्कूलमधल्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या, काही रात्री गृहपाठ नाही असे ठरवले, आणि चौथी-पाचवीच्या वेगवान गणिताच्या वर्गाला कात्री लावली. तिथली बहुसंख्य मुले आशियाई वंशाची होती, आणि त्यांच्या पालकांपैकी पुष्कळांना वाटले की आपल्या मुलांच्या मेहनतीची किंमत कमी केली जात आहे; इतर अनेक पालकांना वाटले की हे फार आधी व्हायला हवे होते. मराठी मंडळाच्या कोजागिरीतसुद्धा त्या वर्षी हाच विषय होता. तेव्हा मी पहिल्या बाजूची होते. माझ्या ओळखीच्या एका घरातला अत्यंत हुशार मुलगा अकरावीत असताना तीन महिने शाळेत जाऊ शकला नाही, त्यानंतर मी पूर्णपणे कोणत्याच बाजूची राहिले नाही.

म्हणून सभेत मी कार्डावर गणिताचा प्रश्न लिहिला नाही. मी बसबद्दल लिहिले.

न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे आठवीपर्यंतचे मूल शाळेपासून दोन मैलांहून लांब आणि हायस्कूलचे मूल अडीच मैलांहून लांब राहत असेल तर त्याला बस देणे डिस्ट्रिक्टवर बंधनकारक आहे. त्याहून जवळ राहणाऱ्या मुलांना बस द्यायची की नाही हे बोर्डाच्या मर्जीवर असते. तिला ‘कर्टसी बस’ म्हणतात. बजेट आवळायची वेळ आली की ही बस बहुधा पहिल्या काही ओळींत असते, कारण ती कापली तर कायदा मोडत नाही. आमच्या गावात दोन मैलांच्या आत, पण चार पदरी हमरस्त्याच्या पलीकडे, भाड्याच्या सदनिकांची एक वसाहत आहे. तिथे राहणाऱ्या मुलांच्या आया गोदामांत, दुकानांत, वृद्धाश्रमांत पाळ्यांवर काम करतात. सकाळी साडेसातला मूल हाताला धरून तो रस्ता ओलांडून देणे त्यांना शक्य नसते, आणि मंगळवारी रात्री साडेसातला बोर्डाच्या बैठकीला येणेही नसते. त्या सभेला त्या वसाहतीतले कोणी आलेले मला दिसले नाही.

प्रश्न असा होता: पुढच्या बजेटात कर्टसी बस राहावी असे आपल्याला वाटते का, आणि राहावी असे वाटत असेल तर तिच्यासाठी आपण काय कमी कराल?

पहिल्या पाच जणांनी बस राहिली पाहिजे असे ठामपणे सांगितले आणि प्रश्नाचा दुसरा भाग सोडून दिला. एकाने कार्यालयातला वायफळ खर्च कमी करू असे म्हटले. कोणता, ते सांगितले नाही. सहाव्या गृहस्थांनी स्पष्टपणे सांगितले की बस बंद करावी, पालकांनी आळीपाळीने मुलांना सोडावे; मला ते पटले नाही, पण त्यांच्या उत्तराचा मी आदर करते. सातव्या बाई एका छोट्या कंपनीत हिशेब पाहतात. त्यांनी आधी बजेटाचे पान क्रमांकासह सांगितले, बसच्या त्या दोन फेऱ्यांचा खर्च सांगितला, आणि म्हणाल्या की एवढी रक्कम एकत्र सापडेल अशा तीनच जागा त्यांना दिसतात. त्यातली सर्वांत कमी नुकसानीची जागा म्हणजे चौथीतले वाद्यसंगीत, ते पाचवीपासून सुरू करता येईल. हॉलमध्ये कुजबुज झाली. माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती आणि सप्टेंबरात चौथीत गेल्यावर व्हायोलिन घ्यायचे, हे तिचे दोन वर्षांपासून ठरलेले होते.

इथल्या बोर्ड सदस्यांसाठी राज्याच्या कायद्यातच एक आचारसंहिता आहे. तिच्यातल्या एका कलमाचा आशय असा की माझी जबाबदारी शाळा चालवण्याची नसून, इतर सदस्यांबरोबर, त्या नीट चालवल्या जात आहेत हे पाहण्याची आहे. एकट्या सदस्याला बैठकीबाहेर कोणताही अधिकार नसतो. मुख्याध्यापकांना फोन करून आपल्या मुलाचा वर्ग बदलून घेणे तर दूरच. मला वाटते, मतदारालाही थोड्याफार प्रमाणात हे कलम लागू व्हायला हवे. मी माझ्या मुलीची आई म्हणून हॉलमध्ये शिरले होते, आणि राज्याच्या घटनेत १८७५ पासून लिहिलेले आहे ते पाच ते अठरा वर्षांच्या सर्व मुलांसाठी मोफत, सर्वांगीण आणि कार्यक्षम शिक्षणाच्या व्यवस्थेबद्दल. त्या वाक्यात माझी मुलगी आहे, पण ती एकटी नाही.

त्या आठवड्यात गावी फोनवर बोलताना मी हे सगळे वहिनीला सांगितले. ती गावच्या शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. कागदावर पाहिले तर आमच्या इथल्या बोर्डापेक्षा ती पालकांच्या कितीतरी जवळ आहे. पण कर बसवण्याचा, शिक्षक नेमण्याचा, बजेटाची ओळ बदलण्याचा अधिकार तिला नाही. शाळेचा पट घसरतो आहे, दोन शिक्षकांपैकी एकाची बदली झाली आणि त्याच्या जागी महिनोन् महिने कोणी आलेले नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीकडे जावे म्हटले तर २०२२ पासून पुढची काही वर्षे परिषदेवर प्रशासकच होते, निवडून आलेले कोणी नव्हतेच. “ताई, सह्या आमच्या आणि निर्णय वरचा,” वहिनी म्हणाली. मग तिने विचारले, “तुमच्याकडे निर्णय तुमचाच असतो, तर मग हॉल रिकामा का?” मला तिला उत्तर देता आले नाही, आणि तो प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मतपत्रिका टपालाने आली होती. जेवणाच्या टेबलावर बसून मी काळ्या शाईच्या पेनाने ती भरली. स्कूल बोर्डाच्या चौकटीपाशी बराच वेळ थांबले. हिशेब पाहणाऱ्या बाईंच्या नावापुढचा गोल भरताना मला आनंद झाला असे म्हणता येणार नाही. दुसरे मत बालवाडीबद्दल नीट बोललेल्या एका तरुण शिक्षकाला दिले. तिसरे भारतीय आडनावाच्या उमेदवाराला दिले, आणि या वेळी त्याने छतांच्या दुरुस्तीचा हिशेब मांडला होता म्हणून दिले. बाई तिसऱ्या क्रमांकाने, थोडक्या मतांनी, निवडून आल्या. जानेवारीच्या पहिल्या बैठकीत त्यांनी शपथ घेतली.

फेब्रुवारीच्या अखेरीस गव्हर्नरांचे बजेट आले, त्यापाठोपाठ अनुदानाचे आकडे आले, आणि मार्चपासून आमच्या बोर्डाच्या बैठका लांबत गेल्या. एप्रिलच्या शेवटी जाहीर सुनावणी होती. त्या दिवशी हॉल भरलेला होता, कारण कपातीच्या यादीत वाद्यसंगीत होते. वाद्यांच्या पेट्या घेऊन आलेली मुले पुढच्या रांगेत बसली होती आणि त्यांच्या पालकांनी एकामागून एक, प्रत्येकी तीन मिनिटे, अतिशय मनापासून भाषणे केली. वसाहतीतल्या दोघीजणी या वेळी आल्या होत्या. त्यांच्यापैकी एक बोलली, तीन मिनिटांतले एकच वापरून. मीही माझे नाव नोंदवले होते. बस ठेवावी, असे मी म्हटले, आणि माझी मुलगी सप्टेंबरात चौथीत जाईल हेही सांगितले. शेवटी एकेका सदस्याचे नाव पुकारले गेले. सहा हो, तीन नाही. बस राहिली, चौथीतले वाद्यसंगीत एक वर्ष पुढे गेले.

घरी आल्यावर मुलीला सांगितले. ती रडली नाही. फक्त विचारले की पाचवीत नक्की ना. शनिवारी सकाळी व्हायोलिनची खासगी शिकवणी देणाऱ्या एका बाईंचा पत्ता मी दुसऱ्याच दिवशी मिळवला, कारण आम्हाला ते परवडते. तिच्या वर्गातला एक मुलगा त्या वसाहतीत राहतो आणि त्याच बसने येतो. त्याला चेलो वाजवायचा होता, हे त्याने आमच्या घरी खेळायला आल्यावर मला सांगितले होते. त्याच्या आईने बस राहिल्याचे कळल्यावर मला फोन केला आणि पुन्हा पुन्हा आभार मानले. चेलोबद्दल तिने काही विचारले नाही, आणि मीही त्याबद्दल काही बोलू शकले नाही.